फॉर्मवरची टिक आणि राहून गेलेला तिसरा डोस

पत्र

डॉक्टर मॅडम,

मी वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. १९ दिवसांपूर्वी वॉर्डात एका पेशंटचं रक्त काढलं आणि सुईला टोपण परत लावताना ती माझ्या डाव्या तर्जनीत गेली. ग्लोव्ह फाटून थेंबभर रक्त आलं. शेजारी इंटर्न दादा होता. तो म्हणाला, ‘पिळून काढ, स्पिरिट लाव, सगळ्यांनाच होतं हे.’ मी तसंच केलं आणि कुणाला काही बोलले नाही. त्या पेशंटच्या तपासण्यांचं मला काही माहीत नाही, पण दिसायला तो अगदी ठणठणीत होता.

गेल्या आठवड्यात आमच्या वर्गाला हेपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराविषयी एक प्रश्नावली भरायला दिली. रोग कसा पसरतो, कसा टाळायचा, मला सगळं आलं. ‘लसीचे तिन्ही डोस घेतले आहेत का?’ यापुढे मी ‘हो’वर टिक केली. खरं तर पहिल्या वर्षी दोनच घेतले. तिसऱ्याच्या वेळी परीक्षा होती, मग राहूनच गेला. ती टिक केल्यापासून मला झोप लागत नाही. आता सांगितलं तर ‘इतके दिवस काय करत होतीस?’ असंच म्हणतील ना?

आणखी एक. माझ्या रूम पार्टनरचा एचबीएसएजी, म्हणजे हेपॅटायटिस बीची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आला आहे. तिनं फक्त मला सांगितलं. तिचं शिक्षण थांबेल का, ही तिची भीती. मी तिच्यासोबत राहावं का, ही माझी. असं वाटतं म्हणून माझी मलाच लाज वाटते.

तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर

तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुला दोन ओळी कळवल्या होत्या: उद्या वॉर्डात जायच्या आधी रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण विभागात जा, झालं ते जसंच्या तसं सांग, आधी रक्त दे आणि मग लस घे. तू गेली असशील असं धरून पुढचं लिहिते. ते सदरात यासाठी देतेय, की असं पत्र मनातल्या मनात लिहून तिथेच ठेवणारी मुलंमुली पुष्कळ आहेत.

‘आधी रक्त, मग लस’ हा क्रम मुद्दाम सांगितला. लसीत विषाणू नसतो. यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतलेलं त्याच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन तेवढं असतं. पण आपण एचबीएसएजी म्हणून तपासतो ते हेच प्रथिन. त्यामुळे लस घेतल्यावर काही दिवस, कधी कधी तर १८ दिवसांपर्यंत, ती तपासणी उगीचच पॉझिटिव्ह येऊ शकते. आधीच झोप उडालेल्या मुलीच्या हातात तसा कागद पडायला नको.

आता जे हातून गेलं ते आधी स्पष्ट सांगते. सुई लागली त्या दिवशी तू कळवलं असतंस तर त्या पेशंटचं रक्त तपासता आलं असतं. तो पॉझिटिव्ह निघाला असता, तर तुझे डोस अपुरे असल्यामुळे तुला हेपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, लसीच्या डोसासोबत देता आलं असतं. ते शक्यतो २४ तासांत द्यायचं असतं. ७ दिवसांनंतर त्याचा उपयोग होतो असं खात्रीनं सांगता येत नाही. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधंही ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. या दोन्ही वेळा टळून गेल्या आहेत. तुला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पुढच्या वेळी तुझ्या किंवा तुझ्या मैत्रिणीच्या बोटाला सुई लागेल तेव्हा घड्याळ त्याच क्षणी सुरू झालेलं असतं, एवढं लक्षात राहावं म्हणून लिहितेय.

पण तुझी बाजू तुला वाटते तितकी उघडी नाही. दोन डोस घेतलेल्या निरोगी तरुणांपैकी साधारण ७५ टक्क्यांच्या शरीरात पुरेशा अँटिबॉडी तयार झालेल्या असतात, तिसऱ्यानंतर हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जातं. आणि तिसरा डोस कितीही लांबला तरी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबलीस तिथून पुढे जायचं. कित्येक विद्यार्थी ‘आता सगळे परत घ्यावे लागतील’ अशा समजुतीनं वर्षानुवर्षं टाळतात. हा गैरसमज वर्गातल्या एकाचा जरी तू दूर केलास तरी फार मोलाचं काम होईल. आत्ताच्या तपासणीत अँटिबॉडीचा आकडा चांगला आला, तरी तिसरा डोस चुकवायचा नाही.

पुढचं वेळापत्रक तुला तिथले डॉक्टर आखून देतील. ढोबळपणे असं: आत्ताच्या रक्तात हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तिन्हींची आजची स्थिती कळेल. हेपॅटायटिस सीच्या विषाणूचा आरएनए तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तपासता येतो, म्हणजे तुझ्यासाठी ती वेळ आत्ताच सुरू होतेय. एचआयव्हीची तपासणी सहाव्या आठवड्याला आणि नंतर ते सांगतील तेव्हा. हेपॅटायटिस बीची पुन्हा सहा महिन्यांनी, कारण हा विषाणू लक्षणं दाखवायला एक ते सहा महिने कितीही वेळ घेऊ शकतो. तोवर रक्तदान करू नकोस. वॉर्डातलं काम मात्र थांबवायचं कारण नाही. पोस्टिंग बुडेल या धास्तीनंही बरेच जण गप्प बसतात, म्हणून हे वेगळं सांगितलं.

आणि तो पेशंट अजून सापडू शकतो. नोंदवहीत त्याचं नाव आहे, कदाचित त्याच्या तपासण्याही झालेल्या असतील. ते शोधणं तुझं काम नाही, विभागाचं आहे. तू फक्त तारीख, वॉर्ड आणि बेड नंबर सांग.

तुझ्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. ‘ठणठणीत.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोक दीर्घकालीन हेपॅटायटिस बी घेऊन जगत होते, आणि त्यांच्यापैकी आपल्याला हा आजार आहे हे माहीत असलेले होते अवघे १३ टक्के. बाकीचे तुझ्या त्या पेशंटसारखेच, दिसायला ठणठणीत. यकृत फार सोशिक असतं. त्याच वर्षी या विषाणूमुळे सुमारे ११ लाख माणसं दगावली, बहुतेक सिऱ्हॉसिसनं (यकृत कडक होऊन निकामी होण्यानं) आणि यकृताच्या कॅन्सरनं, आणि त्यातल्या अनेकांना बराच काळ काहीच त्रास होत नव्हता. चेहऱ्यावरून विषाणू ओळखता येत नाही, हे तू प्रश्नावलीत बरोबर लिहिलं असशील. वॉर्डात मात्र डोळे चेहराच बघतात. फाइलवर ‘पॉझिटिव्ह’चा शिक्का असलेल्या पेशंटपाशी दोन ग्लोव्ह्ज चढवायचे आणि शेजारच्या बेडवर उघड्या हातानं ड्रिप काढायची, असं मी आयुष्यभर पाहत आले. शिक्का फक्त तपासलेल्याला असतो.

आणखी एक उलटी गोष्ट मला विद्यार्थ्यांमध्ये नेहमी दिसते. सुई लागली की पहिला प्रश्न एचआयव्हीचा. भीती समजण्यासारखी आहे, पण आकडे बघ. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई लागल्यावर संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के. हेपॅटायटिस सीची २ टक्क्यांहून कमी. आणि लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बीची ६ ते ३० टक्के, समोरच्याच्या रक्तात विषाणू किती जोरात आहे त्यावर अवलंबून. शरीराबाहेर, सुकलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा हा विषाणू किमान ७ दिवस तग धरतो. तिघांपैकी सर्वांत सहज लागणारा हाच, आणि लस आहे तीही फक्त याच्यावरच. ज्याला आपण सर्वांत कमी घाबरतो त्याच्यापासूनच बचाव आपल्या हातात आहे.

१९८३ साली मी इंटर्न होते. रात्रीची कॅज्युअल्टी, डोक्याला मार लागलेला एक माणूस, टाके घालताना त्यानं मान हलवली आणि वक्र सुई माझ्या बोटात गेली. समोर सर उभे होते. मी ग्लोव्ह बदलला नाही, हात थांबवला नाही, उरलेले टाके पुरे केले. सर म्हणाले, ‘छान.’ त्या एका शब्दासाठी मी पुढचे सहा महिने रोज सकाळी आरशासमोर उभी राहून खालची पापणी ओढून डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झालाय का ते बघत होते. पहिली लस १९८१ साली आली होती, पण ती विषाणूबाधित माणसांच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून बनायची, लोक तिला बिचकायचे आणि आमच्यापर्यंत ती पोचलीही नव्हती. यीस्टपासूनची लस १९८६ साली आली. माझ्या बॅचमधल्या एकाला मात्र आमच्या इंटर्नशिपच्याच वर्षी कावीळ झाली, आणि ती साधी नव्हती. तो तीन महिने अंथरुणाला खिळला होता. त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं. सुई कधी लागली हे त्याला आठवायलाही वेळ लागला, इतक्या वेळा लागली होती.

मला त्या सहा महिन्यांत विषाणूपेक्षा एकटेपणाचा त्रास जास्त झाला. तुझं ‘झोप लागत नाही’ वाचलं आणि तो आरसा आठवला. म्हणून तुझ्या ‘काय म्हणतील’चं उत्तर देते: कदाचित कुणी एखादं वाक्य बोलेल. ते वाक्य दोन मिनिटं टिकेल. ज्यांचं काम संसर्ग नियंत्रणाचं आहे ते बहुतेक वेळा बोलणारच नाहीत, कारण न सांगणारे किती असतात हे त्यांना ठाऊक असतं. आणि १९व्या दिवशी आलेली विद्यार्थिनी न आलेलीपेक्षा कितीतरी बरी.

आता त्या इंटर्न दादाविषयी. तो वाईट मुलगा नाही. त्याला त्याच्या सीनियरनं हेच सांगितलं होतं. पण त्याच्या वाक्यातलं जवळजवळ सगळं चूक आहे. बोट पिळायचं नाही. पिळल्यानं विषाणू बाहेर पडतो याला काही आधार नाही, उलट तिथल्या पेशींना इजा होते. स्पिरिट, ब्लीच यांच्या मागे लागायचं नाही. ग्लोव्ह काढायचा, वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम नीट धुवायची. डोळ्यात रक्त उडालं तर स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं डोळा भरपूर धुवायचा. आणि लगेच कळवायचं. ‘सगळ्यांनाच होतं’ हे तेवढं खरं आहे, आणि तेच तर कळवण्याचं कारण आहे. ज्या वॉर्डातून वर्षभरात एकही नोंद येत नाही तिथे सुया लागत नाहीत असं नव्हे. तिथे शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुया टाकायचा, डबा बेडपासून लांब ठेवलेला आहे हे वर कुणाला कळतच नाही, एवढंच.

डब्याचं हे खास तुझ्यासाठी. तू टोपण परत का लावलंस? मला वाटतं, कारण हातात उघडी सुई होती आणि ती टाकायला जागा जवळ नव्हती. नियम तुला पाठ आहे, रिकॅप करायचं नाही. पण नियम पाळायचा तर रक्त काढायच्या आधी डबा हाताच्या अंतरावर आणून ठेवावा लागतो. टूर्निके (दंडाला आवळायचा पट्टा) बांधण्याआधी डबा, ही सवय लावून घे. डबा तीन चतुर्थांश भरला की त्यात आणखी कोंबायचं नाही, सिस्टरना सांगून बदलून घ्यायचा. क्वचित टोपण लावावंच लागलं तर ते ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हातानं सुई त्यात सरकवायची, दुसरा हात पाठीमागे. पोकळ सुईत रक्त जास्त राहतं, म्हणून टाक्याच्या भरीव सुईपेक्षा ती अधिक धोक्याची. ग्लोव्ह सुई अडवत नाही, पण आत जाताना तिच्यावरचं थोडं रक्त पुसून घेतो. तेवढ्यासाठीही तो हवाच.

तुझ्या वर्गात घेतली तशी प्रश्नावली अनेक देशांतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना दिली गेली आहे, आणि पुन्हा पुन्हा दिसतं ते असं: रोगाविषयीचे गुण चांगले, लस हवीच असं बहुतेकांचं मत, आणि ‘तिन्ही डोस घेतले का’पाशी आल्यावर संख्या खाली येते. ‘अँटिबॉडी तपासली का’पाशी ती आणखी घसरते. म्हणजे कमतरता ज्ञानाची नाही. ०, १ आणि ६ महिने या वेळापत्रकातला तो सहावा महिना नेमका परीक्षेत, सुट्टीत किंवा नव्या पोस्टिंगमध्ये येतो. पहिल्या डोसाच्या दिवशी सगळा वर्ग रांगेत असतो, तिसऱ्याच्या दिवशी ज्याचं त्यानं आठवायचं असतं. मला विचारशील तर हा दोष विद्यार्थ्यांच्या वृत्तीचा अर्धा आणि व्यवस्थेचा अर्धा. वॉर्डात पाऊल टाकण्याआधी तिसऱ्या डोसाची नोंद आणि टायटरचा, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीच्या प्रमाणाचा, रिपोर्ट मागितला तर हा प्रश्नच उरणार नाही. अमेरिकेत १९८३ साली आरोग्यसेवेतल्या सुमारे १७,००० जणांना हा संसर्ग झाला असावा असा अंदाज होता. १९९५ साली तो ४००च्या आसपास आला. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. कर्मचाऱ्यांना लस मिळू लागली, १९९१च्या नियमानं तर ती मोफत देणं मालकावर बंधनकारक झालं. आणि प्रत्येकाचं रक्त बाधित समजूनच हाताळायची पद्धत रुळली.

तुझ्या वर्गातल्या ज्या मुलांनी खरोखर तिन्ही डोस घेतलेत, त्यांचंही एक करायचं राहिलंय, आणि तिसऱ्या डोसानंतर तुलाही ते करायचंय. शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडीचं) टायटर बघायचं. १० किंवा त्याहून अधिक आलं की झालं. निरोगी माणसात ते पुढे वर्षांनी कमी झालं तरी संरक्षण टिकतं, बूस्टर लागत नाही. १०च्या खाली आलं तर तिन्ही डोसांची आणखी एक मालिका घ्यायची आणि पुन्हा तपासायचं. काही थोड्या लोकांच्या शरीरात त्यानंतरही अँटिबॉडी तयार होत नाहीत. त्यांची चूक काहीच नसते, पण त्यांना ते माहीत असायलाच हवं, कारण सुई लागली तर त्यांना दर वेळी इम्युनोग्लोब्युलिनचा विचार करावा लागतो. आणि हो, लस दंडाच्या स्नायूतच घ्यायची. नितंबात घेतली तर परिणाम कमी होतो.

आता तुझ्या मैत्रिणीचं. पत्रातला हा भाग तू सर्वांत शेवटी आणि सर्वांत दबकत लिहिलास. लाज वाटून घेऊ नकोस. भीती वाटणं साहजिक आहे, आणि ती दूर करता येते.

एकत्र जेवल्यानं, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं, मिठी मारल्यानं, एका खोलीत झोपल्यानं हेपॅटायटिस बी होत नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगवेगळे ठेवा, ते एरवीही ठेवायचेच असतात. तिला जखम झाली तर ती झाकायची, सांडलेलं रक्त ग्लोव्ह घालून पुसायचं आणि जागा जंतुनाशकानं स्वच्छ करायची. तुझा तिसरा डोस झाला, टायटर आलं, की तिच्यामुळे तुला धोका राहत नाही.

तिला हा विषाणू कुठून आला असेल? खात्रीनं सांगता येणार नाही, पण शक्यता मोठी ही की जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी. बाळाला पहिल्या वर्षात संसर्ग झाला तर १०० पैकी सुमारे ९० बाळांत तो कायमचा राहतो. निरोगी प्रौढाला झाला तर ९५ टक्क्यांहून अधिक लोक तो स्वतःच घालवून टाकतात. म्हणजे पॉझिटिव्ह निघालेल्या अनेक विद्यार्थ्यांनी हा विषाणू बोलायला शिकण्याआधीपासून बाळगलेला असतो. वर्गात यावरून जे तर्क लढवले जातात, ते लढवणाऱ्यांनी तीच प्रश्नावली नीट भरलेली असते, याचं मला फार वाईट वाटतं.

तिचं शिक्षण थांबायचं कारण नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलं आहे, की केवळ हेपॅटायटिस बी आहे म्हणून कुणाला वैद्यकीय शिक्षणापासून किंवा व्यवसायापासून दूर ठेवू नये. सर्जनच्या हाताला आत, न दिसणाऱ्या जागी इजा होऊ शकते अशा मोजक्या शस्त्रक्रियांपुरताच रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा विचार करावा लागतो, आणि ते प्रमाण टेनोफोविर, एन्टेकॅविरसारख्या रोजच्या एका गोळीनं बहुतेकांत खूप खाली आणता येतं. पण सगळ्यांनाच औषध लागतं असंही नाही. तिनं यकृततज्ज्ञाकडे जावं, एचबीव्ही डीएनए आणि एचबीईएजी या विषाणूच्या रक्ततपासण्या, यकृताची एन्झाइम आणि सोनोग्राफी करून घ्यावी, आणि पुढे ठरावीक अंतरानं तपासत राहावं. तिच्या आईची आणि भावंडांचीही तपासणी व्हायला हवी. कुणाला हे लागलेलं असेल तर वेळेत कळेल, कुणाला नसेल तर त्यांना लस घेता येईल. तिला एकटीला जायला जड वाटत असेल तर तू सोबत जा. तिचं गुपित मात्र तिचंच राहू दे, माझ्यापाशीही तिचं नाव लिहिलं नाहीस हे चांगलं केलंस.

राहता राहिली ती टिक. प्रश्नावलीवर नाव नसेल तर ती आता बदलता येणार नाही, तरी ज्या शिक्षकांनी ती दिली त्यांना जाऊन सांग, की एका विद्यार्थिनीनं दोन डोसांवर ‘हो’ लिहिलं होतं. नाव घ्यायचं की नाही ते तू ठरव. त्यांना हे ऐकून राग येईल असं मला वाटत नाही. कदाचित पुढच्या वेळी ते ‘हो की नाही’ऐवजी तारखा विचारतील.

तिसऱ्या डोसानंतर महिन्याभरानं टायटर करशील तेव्हा मला कळव. फक्त आकडा लिहिलास तरी चालेल.